मनगट लोंबतंय, पण बिघाड नेमका कुठे?

मिरजेतल्या फिजिओथेरपी ओपीडीत एकाच बाकावर येऊन बसतात असे दोन पेशंट घ्या. दोघांचाही उजवा हात मनगटातून खाली लोंबतोय. एक चाळिशीतला टेम्पोवाला. रात्री पिऊन लोखंडी खाटेच्या दांडीवर दंड टाकून झोपला, पहाटे उठला तर पंजा वर होईना. दुसऱ्या साठीच्या बाई, जत तालुक्यातल्या. बीपीच्या गोळ्या मध्येच बंद केलेल्या, हात गेल्यावर आठवडाभर घरीच तेल चोळून मग आलेल्या. दोघांच्याही घरचे एकच सांगतात, "हातावरनं वारं गेलंय."

टेम्पोवाल्याची नस दंडाच्या हाडावर दबली आहे. बाईंच्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली आहे. एकाला आधाराची पट्टी देऊन बहुधा वाट पाहायची असते, दुसरीला आधी स्कॅनला पाठवायचं असतं. व्यायाम दोघांना सारखाच दिला तर निदान एकाचं तरी नुकसान ठरलेलं. म्हणून आमच्याकडे पहिला अर्धा-पाऊण तास व्यायाम होत नाही, नुसती तपासणी होते. घरच्यांना ते आवडत नाही. "काहीतरी करंट-बिरंट लावा की," असा सूर असतोच.

हाताला आज्ञा पोचते दोन टप्प्यांत. पहिली चेतापेशी मेंदूच्या वरच्या थरातून निघते, मेंदूच्या देठाच्या तळाशी बाजू बदलते आणि मज्जारज्जूत उतरते. दुसरी मज्जारज्जूतून निघते ती थेट स्नायूत जाऊन संपते. आपण जिला नस म्हणतो ती अशा हजारो धाग्यांची जुडी. बाजू बदलते म्हणून डाव्या मेंदूत घाव बसला की उजवं अंग जातं. बोलण्याचं केंद्रही बहुतेकांचं डावीकडेच, त्यामुळे उजव्या हाताबरोबर बोलणं अडखळलंय का हे आम्ही लगेच विचारतो.

पहिल्या टप्प्यावर घाव बसला तर खालची नस आणि स्नायू शाबूत असतात, फक्त वरचा ताबा सुटतो. सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे हात लुळा असतो, मग हळूहळू ताठ होत जातो. तपासणीची रबरी हातोडी मारली की नेहमीपेक्षा जोरात उडतो. स्नायू लवकर वाळत नाही. दुसऱ्या टप्प्यावर घाव बसला तर उलट: हात लुळा तो लुळाच राहतो, हातोडीला प्रतिसाद नाही, आणि नसेचे धागे तुटले असतील तर महिन्या-दोन महिन्यांत अंगठ्याच्या मुळाचा किंवा पोटरीचा मांसल भाग उघड उघड बसलेला दिसतो. पुस्तकातला हा फरक सरळ आहे. ओपीडीत तो पहिल्याच आठवड्यात ओळखायचा असतो, जेव्हा दोन्ही हात सारखेच लुळे असतात.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. पेशंटला म्हणायचं, "मूठ घट्ट आवळा." मेंदूच्या पेशंटला सांगून मनगट उचलता येत नाही, पण मूठ आवळताना तेच मनगट आपोआप थोडं वर उचललं जातं, कारण नस शाबूत आहे आणि पकडीबरोबर मनगट सावरण्याची जोडहालचाल टिकून आहे. नस दबलेल्या टेम्पोवाल्याने मूठ आवळली की मनगट आणखीच खाली मुडपतं. आता त्याच्या मनगटाखाली आपला हात देऊन ते सरळ धरायचं आणि पुन्हा मूठ आवळायला सांगायचं. क्षणापूर्वी कमजोर वाटलेली पकड एकदम घट्ट होते. पकडीचे स्नायू वेगळ्या नसांवर चालतात, ते ठीकच आहेत. मनगट पडल्यामुळे त्यांना ताण मिळत नव्हता, एवढंच. आधार न देता पकड मोजली तर तीन-तीन नसा गेल्यासारखं वाटतं आणि पेशंट उगाच मानेच्या एमआरआयला जातो.

पुढे कोपर. अंगठा आकाशाकडे ठेवून, हात अर्धा दुमडून विरोध करायला लावला की कोपराच्या बाहेरच्या अंगाने एक स्नायू दोरीसारखा वर येतो, ब्रेकिओरेडिअ‍ॅलिस. तो उठत नाही, पण कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स मात्र पूर्ण ताकदीचा आहे, तर मनगट उचलणारी नस, म्हणजे रेडियल नर्व्ह, दंडाच्या मध्यावर, हाडाच्या खोबणीत दबली आहे. ट्रायसेप्सची फांदी त्या खोबणीच्या आधीच फुटते. ट्रायसेप्सही गेला असेल तर घाव वर काखेत. काखेत कुबडी रुतवून चालणाऱ्यांत हे दिसतं. आणि ब्रेकिओरेडिअ‍ॅलिस चांगला, मनगट उचलतंय पण अंगठ्याकडे तिरकं जातंय, बोटं मात्र मुळातून उचलत नाहीत, तर घाव कोपराच्या खाली. बोटं तपासताना टोकाची पेरं सरळ होतात म्हणून फसायचं नाही. ते काम तळव्यातले बारीक स्नायू करतात आणि त्यांची नस वेगळी.

ताकदीला आम्ही ० ते ५ गुण देतो. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे बोटाखाली स्नायूचं नुसतं आवळणं जाणवतं, २ म्हणजे हात टेबलावर आडवा ठेवून सरकवता येतो, ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलतो, ४ म्हणजे थोडा विरोध पेलतो, ५ पूर्ण. यातला ०, १ आणि २ मधला फरक सर्वांत जास्त महत्त्वाचा आणि तोच घाईत सुटतो. स्नायूच्या पोटावर दोन बोटं ठेवल्याशिवाय ० लिहायचा नाही. टेबलावर पावडर टाकून हात आडवा ठेवला की कित्येक ० चे २ होतात.

टोन, म्हणजे स्नायूचा सैल-ताठपणा, बघायला कोपर आधी सावकाश, मग झटक्यात सरळ करतो. ताठरपणा मेंदूचा असेल तर सावकाश केल्यावर हात जातो आणि झटक्यात केल्यावर मध्येच अडतो. सांधाच आखडला असेल तर दोन्ही वेळा एकाच जागी अडतो. हातोडी मारताना पेशंटचं लक्ष हातावर असेल तर तो नकळत धरून ठेवतो. त्याला दात आवळायला लावायचे. तळपायाच्या बाहेरच्या कडेने किल्लीच्या बोथट टोकाने टाचेपासून बोटांकडे रेघ ओढली आणि अंगठा वर, मागे गेला तर घाव मेंदूत किंवा मज्जारज्जूत. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही स्कॅनच्या आधी सांगून जाते. मात्र एक वर्षापर्यंतच्या बाळात ती नैसर्गिक असते, आणि गुदगुल्या होऊन पेशंटने अख्खा पायच ओढून घेतला तर तो निकाल धरायचा नाही.

चेहराही बघायचा. तोंड एका बाजूला ओढलंय पण दोन्ही भुवया उचलून कपाळाला आठ्या पडतात, तर मेंदू. कपाळही सपाट, डोळाही मिटत नाही, तर चेहऱ्याची नस. कपाळाला दोन्ही मेंदूगोलार्धांकडून आज्ञा येते, म्हणून एका बाजूच्या झटक्यात ते वाचतं.

आता संवेदना. इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि इथेच सगळ्यांत जास्त उरकाउरकी होते. कापसाचा बोळा आणि टाचणी एकदा हातावर, एकदा पायावर लावली, "कळतंय का?" विचारलं, पेशंट "हो" म्हणाला, झालं. "कळतंय का?" हा प्रश्नच विचारायचा नसतो. पेशंटचे डोळे मिटवून, कधी टोक कधी बोथट बाजू लावून "टोचतंय की नुसता हात लागतोय?" असं विचारायचं, आणि मध्येच काही न लावताही विचारायचं. बधीर भागाकडून चांगल्या भागाकडे सरकत जायचं आणि जिथे फरक पडतो तिथे पेनाने खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्या की जो नकाशा निघतो तोच घावाची जागा सांगतो.

टेम्पोवाल्याचा नकाशा अगदी छोटा: अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यावर, हाताच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा भाग. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधीर, तर कोपरामागची अल्नर नर्व्ह; एकाच बोटाची अर्धी बाजू बधीर असणं ही नसेच्या घावाची पक्की खूण. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो, तर मनगटातली मीडियन नर्व्ह. तासगावकडच्या द्राक्षबागांत छाटणीला दिवसदिवस कात्री चालवणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून विचारतो. मनगट वाकवून वारंवार आवळायचं काम नसेभोवतीचा बोगदा सुजवतं. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखं बधीर, हळूहळू वर चढत आलेलं, तर बहुतेक वेळा साखर. लांब नसांची टोकं आधी मरतात म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. अशा पेशंटचा एक ठरलेला अनुभव असतो: चालताना चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही.

संवेदनेच्या वाटाही दोन आहेत. टोचणं, गरम-थंड यांची वाट मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात बाजू बदलते. कंप आणि सांध्याची स्थिती कळण्याची वाट त्याच बाजूने वर जाते आणि मेंदूच्या देठात बदलते. म्हणून मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापला गेला तर घावाच्या बाजूच्या पायाची ताकद आणि कंपाची जाणीव जाते, आणि दुसऱ्या पायाचं टोचणं-भाजणं कळेनासं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा पेशंट खोटं बोलतोय असंच वाटतं. कंप तपासायला १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतो. सांध्याची स्थिती बघताना अंगठा वरून-खालून धरायचा नाही, दोन्ही कडांनी धरायचा. नाहीतर बोटाच्या दाबावरूनच पेशंट वर की खाली ते ओळखतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्यांत ही कंप आणि सांध्याच्या स्थितीची वाट लवकर बिघडते. दिवसा ठीक चालणारा माणूस अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडतो. ताकद पूर्ण असते, म्हणून तक्रार कुणी मनावर घेत नाही.

साखरेच्या पेशंटच्या तळपायाला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट लावतो. नायलॉनचा हा केस वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅम दाब पडतो. तो न कळणाऱ्याला खडा टोचलेलाही कळणार नाही, हे घरच्यांसमोर दाखवून द्यावं लागतं.

जतच्या बाईंची गोष्ट वेगळी. त्यांना कापूस कळतो, टाचणी कळते, गरम-थंड कळतं. डोळे मिटवून उजव्या हातात घराची किल्ली दिली आणि बोटं फिरायला आम्हीच मदत केली. थंड आहे, कडक आहे, एवढं त्या सांगतात. काय आहे ते सांगता येत नाही. डाव्या हातात तीच किल्ली क्षणात ओळखली. नस निरोप आणते आहे, मेंदू तो जुळवू शकत नाही. हे नुसत्या कापूस-टाचणीत निसटतं आणि मग "संवेदना ठीक" असा शेरा कागदावर राहतो. अशा बाई चुलीपुढे भाकरी थापायला बसल्या तर उजवा हात तव्याला लागलेला त्यांना कळेल, पण उशिरा, आणि हात नेमका कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

याच बाई पहिल्या दिवशी साडेचार तासांच्या आत आल्या असत्या तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं का हे बघता आलं असतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच ते देतात. जतच्या पूर्व भागातून मिरजेला पोचायलाच दोनेक तास जातात, त्यामुळे वाटेत कबुतराचं रक्त चोळून घ्यायला किंवा लकव्याचं झाडपाल्याचं औषध घ्यायला थांबण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. तोंडाने पाणीसुद्धा पाजू नये. गिळण्याचे स्नायूही गेलेले असू शकतात, पाणी फुप्फुसात जातं.

पायाचं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांचा, म्हणजे उसाच्या बुडाशी वाकून-बसून तोडणाऱ्यांचा किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांचा, पंजा अचानक पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेवर पेरोनियल नर्व्ह फक्त कातडीखाली असते, तिथे ती चेपते. वैद्यकात या दुखण्याला स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांचंच नाव पडलं आहे. पण पंजा पडला म्हणजे नस तिथेच दबली असं नाही. कमरेतल्या पाचव्या मणक्यापाशी निघणारी नसेची मुळी, म्हणजे एल-फाइव्ह, दबली तरी तो पडतो. फरक ओळखायचा तर पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते ताकदीने वळलं तर घाव गुडघ्याशी. तेही कमजोर असेल तर कमरेत बघा. या एका हालचालीवर कमरेचं ऑपरेशन टळू शकतं. चालही सांगते: नसेचा पेशंट गुडघा उंच उचलून पाऊल थपकन टाकतो, मेंदूचा पेशंट ताठ पाय बाहेरून फिरवत आणतो.

आमच्या भागात आणखी एक हात लावून बघायची गोष्ट म्हणजे कोपरामागची नस. ती दोरीसारखी जाड लागली, अंगावर फिकट बधीर चट्टा असला, तर कुष्ठरोग. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स. नसेची ताकद जाऊन सहा महिने व्हायच्या आत स्टिरॉइड सुरू झालं तर ती परत येण्याची आशा असते. लाजेपोटी हीच मुदत निघून जाते.

मग करंटची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन. ती पहिल्याच दिवशी करून घ्यायची घाई सगळ्यांना असते. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. हालचालीचे धागे आठवडाभर, संवेदनेचे दहा-अकरा दिवस करंट वाहून नेत राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीत नस नुसती दबली आहे की तुटली आहे ते कळत नाही. स्नायूत सुई घालून करायच्या ईएमजीत तर तुटल्याच्या खुणा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी केलेला एकच रिपोर्ट घाईघाईच्या दोन रिपोर्टांपेक्षा कामाचा.

तपासणीत नसेवर दोन जागी टिचकी मारल्यासारखा झटका देतात आणि मधलं अंतर वेळेने भागून वेग काढतात. हातात तो साधारण सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त, पायात ४० किंवा जास्त. टेम्पोवाल्याच्या दंडात खोबणीच्या खाली झटका दिला की स्नायू पूर्ण उत्तर देतो, वर दिला की उत्तर एकदम लहान. म्हणजे धागे जिवंत आहेत, मधल्या पट्ट्यात फक्त धाग्यांवरचं वेष्टन चेपलंय. हा सर्वांत चांगला निकाल, आणि बहुतेक जण काही आठवडे ते तीन महिन्यांत बरे होतात. डिसेंबरच्या सकाळी हात गार असले तर वेग खोटा कमी येतो. दर अंशाला दीड-दोन मीटरचा फरक पडतो. कातडीचं तापमान ३२ अंशांच्या वर आणल्याशिवाय मशीन लावू नये. त्या दिवशी अंगाला तेल लावू नका, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

टेम्पोवाल्याला मनगट वीस-तीस अंश वर धरणारी कॉक-अप स्प्लिंट मिळते. ती घालून तो जेवू शकतो, सही करू शकतो. दिवसातून तीन-चार वेळा काढून प्रत्येक सांधा दुसऱ्या हाताने पूर्ण फिरवायचा. मशीनचा करंट रोज लावून नस लवकर वाढते असं आम्ही कुणाला सांगत नाही. धागे तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर वाढतात, आणि दंडाच्या मध्यापासून पहिल्या स्नायूपर्यंत दहाएक सेंटिमीटर जायला तीन-चार महिने लागणारच. नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत गेलं की वाढत्या टोकाशी पंजाकडे झिणझिणी उठते. ती जागा दर महिन्याला पेनाने टिपून ठेवावी. खूण पुढे सरकतेय तोवर थांबायला हरकत नाही. पण आडसाली ऊस तुटायला जेवढे महिने घेतो, त्यापलीकडे बिननसेचा स्नायू धरत नाही. बारा ते अठरा महिन्यांनी नस पोचली तरी तिला जोडायला जागाच उरत नाही.

बाईंचं सगळं उलटं. इथे वाट बघणं म्हणजे नुकसान, कारण मेंदू सरावानेच नवी वाट काढतो आणि पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. सराव खऱ्या कामाचा हवा: वाटी उचलून ठेवणं, हळदीचे कंद एका टोपलीतून दुसरीत टाकणं, ओढणीची घडी. दहा-वीस वेळा केलं म्हणजे सराव नव्हे, शेकड्यांत करावं लागतं. प्रत्येक घरात दिलेला तो पिवळा मऊ चेंडू मात्र आम्ही काढून घेतो. ज्यांची बोटं आधीच आवळत चालली आहेत त्यांना आवळायचा आणखी सराव कशाला? त्यांना हात उघडायला शिकायचं असतं. दाराच्या चौकटीला पुली बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढण्याचा प्रकारही बंद करावा. खांद्याचे स्नायू सैल असताना हात डोक्यावर ओढला की खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा झाला की पेशंट त्या हाताने काहीच करत नाही. काखेत हात घालून उठवू नका, दंड धरून ओढू नका. बसताना हात उशीवर ठेवा.

आणि दोघांनाही गरम पाण्याची पिशवी नको. बधीर कातडीवरचे फोड आम्ही पिशवीमुळे जेवढे पाहिलेत तेवढे चुलीमुळे नाहीत. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताच्या कोपराने बघून घ्यावं.

बंद जखमेत, म्हणजे नस उघडी कापलेली नसताना, तीन महिने होऊन ब्रेकिओरेडिअ‍ॅलिसमध्ये १ सुद्धा आला नाही आणि ईएमजीतही नवी जोडणी दिसली नाही, तर नसेच्या सर्जनकडे पाठवायचं. कोयत्याने किंवा काचेने कापलेल्या नसेला तीन महिने थांबायचं नाही. ती पहिल्या काही दिवसांतच शिवावी. मुदत टळून गेलेल्यांसाठी स्नायूची दोरी बदलण्याचं ऑपरेशन आहे: तळवा पालथा करणारा एक चांगला स्नायू सोडवून मनगट उचलणाऱ्या दोरीला जोडतात. त्यानंतर सुमारे चार आठवडे प्लास्टर, आणि मग पेशंटला तळवा पालथा करायचा विचार करून मनगट उचलायला शिकवावं लागतं. सुरुवातीला तो तळव्याकडे टक लावून बघत राहतो, काही आठवड्यांनी न बघता उचलायला लागतो.